"मी सुखात आहे ना" हे आईचं उत्तर शेवटचं मानायचं का?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं पत्र आलं. तिचा प्रश्न थोडक्यात असा. तिची आई ७१ वर्षांची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या घरात आली. माहेरी सातवीला वर्गात पहिली होती. गुरुजी घरी येऊन "पोरीला पुढे शिकवा" म्हणून सांगून गेले, तरी शाळा सुटली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. नवरा गिरणीत कामाला. गिरणी बंद पडल्यावर हिने पापड-शेवया करून, साड्यांना फॉल-पिको लावून तीन मुलं वाढवली. आता आठ-दहा वर्षांपासून गुडघे दुखतात, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आहे, ती नको म्हणते. काहीही विचारलं की उत्तर एकच: "काहून चिंता करून राहिली? मी सुखात आहे ना." भाऊ म्हणतो, ती स्वतः सुखात आहे म्हणते, मग विषय संपला. विद्यार्थिनीला मात्र वाटतं की आईचं आयुष्य तिच्यापासून हिरावलं गेलं. असं वाटणं म्हणजे आईचा अपमान तर नाही, ही टोचणीही आहे. चांगलं आयुष्य कशाला म्हणायचं यावर तत्त्वज्ञानात इतकं लिहिलं गेलंय, त्यातलं काही इथे कामी येईल का, असं तिने विचारलं आहे.

येईल. नागपूरच्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं हाच विषय शिकवला, आणि तुझ्यासारखा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी वर्ग संपल्यावर, बाकीचे गेले की, हळूच विचारायचं. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या घरात तीन वेगळे प्रश्न एकाच तोंडाने विचारले जात आहेत. आई आत्ता सुखात आहे का, हा एक. आई चांगली बाई आहे का, हा दुसरा. नातेवाईक "माउलीने किती सोसलं" म्हणतात तेव्हा ते या दुसऱ्याचं उत्तर देत असतात. आणि आईचं आयुष्य खुद्द आईसाठी चांगलं गेलं का, हा तिसरा. तुझा प्रश्न हा तिसरा आहे. त्यातला "तिच्यासाठी" हा शब्द घट्ट धरून ठेव, कारण तोच सगळ्यात आधी निसटतो. जी बाई घराला फार उपयोगी पडली, तिचं आयुष्य तिला स्वतःला लाभलं असेलच असं नाही. फ्रेड फेल्डमन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने यासाठी एक साधी कल्पना सुचवली आहे. पाळण्यातल्या बाळाकडे बघून, केवळ त्याच्या भल्यासाठी, तुम्ही काय मागाल ते बघा. तुझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या बारशाला तू मनात काय मागितलंस ते आठव. "ही सगळ्यांसाठी झिजो" असं खासच मागितलं नसशील.

आपल्या भाषेने हे भेद कधीच करून ठेवले आहेत. सुख, समाधान आणि हित, या तिन्ही शब्दांची कामं वेगळी. सुख जाणवतं: उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यायलं की होतं ते. समाधान हा आपणच आपल्या आयुष्यावर दिलेला निवाडा असतो. पाय ठणकत असतानाही माणूस समाधानी असू शकतो. आणि हित मला जाणवलं नाही, मी ते मागितलंही नाही, तरी माझं असू शकतं. लहान मुलाला लस टोचतो ती त्याच्या हितासाठी. कठोपनिषदात यम नचिकेताला प्रेय (जे आवडतं ते) आणि श्रेय (जे भल्याचं ते) यांतला फरक सांगतो, त्याचाही रोख असाच आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात डेरेक पारफिट यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात या चर्चेची जी विभागणी केली, ती आज सगळीकडे शिकवली जाते: काहींच्या मते चांगलं आयुष्य म्हणजे सुखद अनुभवांचं आयुष्य, काहींच्या मते इच्छा पूर्ण झाल्याचं, आणि काहींच्या मते ठरावीक मोलाच्या गोष्टी ज्यात आहेत असं आयुष्य, मग त्या माणसाला त्यांची इच्छा असो वा नसो. या तिन्ही खिडक्यांतून तुझ्या आईकडे बघू.

सुखवाद्यांची बाजू आपल्याकडे चार्वाकांनी मांडली. त्यांचे स्वतःचे ग्रंथ फारसे हाती लागत नाहीत. विरोधकांनी त्यांचं म्हणणं जसं नोंदवलं तसंच ते आपल्यापर्यंत आलं. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात ते सापडतं. काटे असतात म्हणून कोणी मासे खायचे सोडत नाही, कोंडा असतो म्हणून कोणी धान्य टाकत नाही. तसं दुःखाच्या भीतीने सुख टाकू नये. इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुख मोजायची मापंच दिली: ते किती तीव्र, किती वेळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, वगैरे. या मताला उथळ समजू नकोस. तुझ्या भावाला वाटतं की आपण सुखवादी आहोत, पण तो नाही. खरा सुखवादी आई काय म्हणते ते मोजत नाही. तिला काय होतं ते मोजतो. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते, कठडा धरते, रात्री कूस बदलताना जागी होते, हे सगळं तू लिहिलं आहेस. बेंथमच्या वहीत हे सगळं चढेल, आई त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही तरी.

"मी सुखात आहे ना" या वाक्याकडे नीट बघ. आपल्याकडे आई मुलांना हे वाक्य सांगते तेव्हा ती आतली बातमी क्वचितच देत असते. त्या वाक्याने ती तुमची काळजी मिटवते, खर्चाचा विषय बंद करते, आणि आपण कोणावर ओझं नाही हे स्वतःला बजावते. हे वाक्य प्रेमाचं आहे. पण त्यावरून तिची अवस्था ठरवायची, तर ते पुराव्यातला एक कागद म्हणून ठेवता येईल, अख्खा निकाल म्हणून नाही.

दुःख हटवण्याच्या बाबतीत माणसांचं एकमत लवकर होतं, हे आपल्या गावाला चांगलं ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे पुतळे, निघतात, तेव्हा अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर येऊन "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतं. काय घेऊन ये, यावर त्या गर्दीत दहा मतं निघतील. काय घेऊन जा, यावर एकच. गुडघ्याचं दुखणं त्या यादीतलं आहे. त्याला कोणताही सिद्धांत चांगलं म्हणत नाही.

पण सुखवाद एका ठिकाणी अडतो, आणि ते ठिकाण तुझ्याच पत्रात आहे. गिरणी बंद झाल्यावर तुझे वडील आठ महिने रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होते. आईला वाटायचं, कामाला जात आहेत. पैसे ते उसने आणून देत होते. त्या आठ महिन्यांत आई निर्धास्त होती, रात्री शांत झोपायची. नंतर कळलं. आणि तू लिहितेस की आयुष्यातल्या बाकी सगळ्या ओढाताणीपेक्षा तिला त्या आठ महिन्यांचंच जास्त वाईट वाटतं.

तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली एक काल्पनिक यंत्र मांडलं होतं. त्याला मेंदू जोडला की हवे ते अनुभव मिळतात: आपण ग्रंथ लिहिला, मित्र मिळवले, असं हुबेहूब वाटत राहतं, पण आपण असतो एका टाकीत तरंगत. जोडून घ्याल का? बहुतेक लोक नको म्हणतात. नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्न उलटा फिरवला: तुम्ही आधीच यंत्रात आहात असं कळलं तर बाहेर पडाल का? तेव्हा उत्तरं तितकी एकमुखी राहिली नाहीत. यंत्राचं उदाहरण पूर्वीइतकं निर्णायक मानलं जात नाही ते त्यामुळे. मला वाटतं, वडिलांचा तो डबा यंत्रापेक्षा जास्त शिकवतो. ते आठ महिने अनुभव म्हणून गोड होते. तरी तुझी आई मागे वळून ते आपल्या जमेत धरत नाही. नवऱ्याच्या संकटात आपल्याला जागा नव्हती, हे तिला लागलं. तिच्या लेखी चांगल्या आयुष्यात जाणवण्याच्या पलीकडचं काही आहे: खरं काय ते माहीत असणं, आणि आपल्या माणसाच्या अडचणीत आपण सोबत असणं.

आता इच्छेची खिडकी. माणसाला जे हवं ते मिळालं की आयुष्य चांगलं, असं ही मंडळी म्हणतात. अर्थशास्त्राला हे मत सोयीचं पडतं, कारण पसंती बाजारात दिसते. यात एक मोठा सन्मानही आहे: तुझं भलं कशात, ते तूच ठरव. पण आईच्या कोणत्या वयाच्या इच्छा धरायच्या? चौदाव्या वर्षी हातात खडू हवा होता. चाळिसाव्या वर्षी छप्पर गळू नये आणि तुम्ही तिघं पास व्हावं एवढंच हवं होतं. दुसरी इच्छा पुरी झाली. पहिली अपुरी राहिली असं म्हणायचं, की ती मेली म्हणून हिशेबातून काढायची?

इथे जास्त थांबते, कारण मला तुझ्या प्रश्नाचा गाभा इथे दिसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्याकडे शहाणपण म्हणून शिकवतात, आणि पैशाच्या बाबतीत ते शहाणपणच आहे. पण एकाच घरात भावाला लांब अंथरूण आणि बहिणीला आखूड देऊन, वर तिलाच ही म्हण ऐकवली, की ती पाय आखडून झोपायला शिकते. काही वर्षांनी तिला पाय लांब करावेसेही वाटत नाहीत. मग आपण म्हणतो, बघा, हिला कसली हावच नाही. जॉन एल्स्टर या विचारवंताने १९८३ साली या विषयावर पुस्तक लिहिलं तेव्हा नाव त्याच गोष्टीवरून दिलं जी आपल्याकडे "कोल्ह्याला द्राक्षं आंबट" म्हणून घराघरात आहे. परिस्थितीने इच्छा कातरल्या जातात आणि त्या कातरलेल्या इच्छा पुऱ्या झाल्या की माणूस तृप्त दिसतो.

अमर्त्य सेन यांनी यासाठी एक जुनं सर्वेक्षण पुन्हा पुन्हा पुढे ठेवलं. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर इथे विधुर आणि विधवांना प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी सांगितलं की तब्येत वाईट किंवा जेमतेम आहे. विधवांपैकी असं सांगणाऱ्या होत्या अवघ्या २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या ताटात काय पडायचं हे ज्याला माहीत आहे, तो या आकड्यांवरून विधवा ठणठणीत होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. आपल्या दुखण्याला दुखणं म्हणायची सवयच त्यांना लागू दिली नव्हती. मी हे आकडे फळ्यावर लिहायचे आणि काही बोलायचे नाही. दरवर्षी वर्गातली एखादी मुलगी म्हणायची, "मॅडम, आमची आजी अशीच आहे."

माझी आईसुद्धा तशीच होती. तिला मोतीबिंदू झाला तेव्हा ती म्हणाली, "आता वाचायला काय राहिलंय? पोथी पाठ आहे." आम्ही चारही भावंडांनी ते खरं मानलं, जवळजवळ सहा वर्षं. शेवटी पडून हाताला लागलं म्हणून ऑपरेशन केलं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आठवड्याभरात ती सकाळचा पेपर पहिल्या पानापासून टेंडरच्या नोटिसांपर्यंत वाचायला लागली. दुपारी पुन्हा वाचायची. त्या सहा वर्षांत तिला वाचनाची इच्छा नव्हती, हे अक्षरशः खरं होतं. आणि तरी त्या सहा वर्षांत तिच्याकडून काहीतरी गेलं होतं, हेही तितकंच खरं. मी तत्त्वज्ञान शिकवत होते आणि माझ्याच घरात मला हे दिसलं नाही, याचं दुःख अजून आहे.

इथे तू विचारशील, आणि विचारायलाच हवं: मग तृष्णा सोडा असं बुद्धांनी सांगितलं, अल्पसंतुष्ट राहा असं संतांनी सांगितलं, ते काय? एल्स्टर स्वतःच एक फरक करतात: आपल्या इच्छांना जाणूनबुजून वळण लावणं वेगळं, आणि आपल्या नकळत त्या खच्ची होणं वेगळं. सिद्धार्थ गौतमाने राजवाडा सोडला, त्याला राजवाडा माहीत होता आणि परत जायची वाट खुली होती. जिची शाळा सातवीत बंद केली तिला हेच वैराग्य शिकवणं हा त्या वैराग्याचाही अपमान आहे.

नागपूरच्या माणसाला हे दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, आणि दुसऱ्या दिवशी भाषण केलं. त्या भाषणातला एक मुद्दा मी कल्याणाच्या सिद्धांतांच्या तासाला आवर्जून शिकवत आले. मेलेली जनावरं ओढणं बंद करा, असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं. त्यावर कातडी, हाडं, शिंगं विकून होणारी मिळकत बुडते, असा हिशेब त्यांना कोणीतरी दाखवला होता. त्यांचं उत्तर असं की माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत हे फार मोठं विधान आहे. उत्पन्न घटलं, कष्ट वाढले, काही काळ सुखही कमी झालं असेल. तरी ते आयुष्य आधीपेक्षा चांगलं झालं. पिढ्यान् पिढ्या ज्यांना "आपल्याला काय करायचंय शिकून" असं वाटायला लावलं गेलं, त्यांच्याच घरांत नंतर पोरांच्या शाळेसाठी पोटाला चिमटा घेतला गेला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांपुढे उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. अंथरूण लांब झालं तसे पाय लांब झाले. इच्छा आधी नव्हतीच असं कोणी म्हणू नये.

म्हणजे इच्छेवरही सगळं सोपवता येत नाही. उरतो तिसरा मार्ग: काही गोष्टी माणसासाठी चांगल्याच असतात. ॲरिस्टॉटलपासून ही परंपरा आहे. त्याच्या मते चांगलं आयुष्य म्हणजे माणसाच्या अंगच्या क्षमता फुलणं, वापरात असणं, आणि तेही एखाद-दोन दिवस नव्हे, पूर्ण आयुष्यभर. शिवाय मित्र, मुलंबाळं, थोडीफार संपत्ती यांच्यावाचून ते पुरं होत नाही हेही तो मोकळेपणाने कबूल करतो. आपल्या काळात जॉन फिनिस यांनी १९८० साली सात मूलभूत चांगल्या गोष्टी सांगितल्या, त्यात ज्ञान आणि मैत्रीच्या बरोबरीने खेळही आहे. मार्था नुसबॉम यांच्या दहा क्षमतांच्या यादीतही खेळ आहे, आणि आपल्या आयुष्याची आखणी स्वतः करणंही. खेळ वाचून मुलं हसायची. मी त्यांना विचारायचे, तुमची आई शेवटची कधी खेळली? वर्ग गप्प व्हायचा.

या याद्यांबद्दल मला आदर आहे आणि धास्तीही आहे. कारण आपल्या घरांमध्ये यादी नेहमीच कोणीतरी करून ठेवलेली होती. "त्यातच तुझं भलं आहे" हे वाक्य प्रत्येक मुलीने ऐकलंय. तुझ्या आजोबांनी शाळा बंद केली ती तिच्या हिताच्या नावानेच केली असणार. म्हणून पीटर रेल्टन यांनी घातलेली अट मला महत्त्वाची वाटते: जे खरोखर माझ्या भल्याचं आहे, ते मला कधीतरी, नीट समजल्यावर तरी, थोडंफार भावलं पाहिजे. पूर्ण परकं राहणारं भलं माझं भलं कसं? सेन आणि नुसबॉम यांचं उत्तर दुसऱ्या बाजूने येतं. ते म्हणतात, गोष्ट लादू नका, ती करता येण्याची मोकळीक द्या. सेन यांचं उदाहरण आपल्याला लगेच पटतं: एकादशीचा उपास करणारी बाई आणि उपाशी मरणारी बाई, दोघींच्या पोटात अन्न नाही; पण एकीला जेवता आलं असतं. ऑपरेशन नको म्हणणारी तुझी आई यांपैकी कोणासारखी आहे, हे तुला अजून माहीत नाही. भावालाही नाही.

आता मी तुझ्या पत्रातली एक ओळ तुलाच दाखवते. तू ती जाता जाता लिहिली आहेस: "संध्याकाळी वाड्यातली पोरं अजून तिच्याकडे पाढे म्हणायला येतात, त्यामुळे तिला लवकर झोपताही येत नाही." तू हे तिच्या त्रासाच्या यादीत घातलंस. मी ते तीनदा वाचलं. कधीपासून येतात ही पोरं? चाळीस वर्षं? एकाच्या पाढ्यापासून हात धरून ती पोराला तिसाच्या पाढ्यापर्यंत नेते, पावकी-निमकी म्हणून घेते, चुकलं की पुन्हा. चौदाव्या वर्षीची ती इच्छा मेली असं आपण दोघी धरून चाललो होतो. ती मेली नव्हती, तिने ओट्यावर जागा शोधली होती.

मला स्वतःला जे मत सगळ्यात जवळचं वाटतं ते इथे नेमकं बसतं. शेली केगन, रॉबर्ट ॲडम्स असे काही विचारवंत म्हणतात की नुसतं सुख पुरत नाही आणि नुसती मोलाची गोष्टही पुरत नाही; मोलाच्या गोष्टीत माणसाचं मन रमलेलं असणं, हे दोन्ही एकत्र आलं की ते त्याच्या आयुष्यात जमा होतं. शिकवणं मोलाचं आहे, आणि तिचा जीव त्यात आहे. तिच्या आयुष्यातला हा भाग चांगला गेला, भरभरून चांगला, आणि तो चांगला ठरायला आपल्या कोणाच्या दयेची गरज नाही. या मतात एक उणीव आहे हे मला मान्य आहे: गुडघ्याच्या कळा वाईट ठरायला दुसऱ्या कशाची जोड लागत नाही, त्या एकट्याच वाईट असतात. चांगल्याचा आणि वाईटाचा हिशेब एकाच पद्धतीने होत नसावा, असं मला अलीकडे वाटू लागलंय.

पण या ओट्यामुळे शाळा सुटली ते भरून निघालं, असं म्हणू नको. कोणी म्हटलं तर ऐकूनही घेऊ नको. तिला पगार मिळाला नाही. हजेरीपटावर सही नाही, बाई म्हणून गावात ओळख नाही, निवृत्तिवेतन नाही, बरोबरीने बसून बोलणाऱ्या सहकारी शिक्षिका नाहीत. चांगल्या गोष्टी अनेक प्रकारच्या असतील, तर एकीची उणीव दुसरीने बुजत नाही. पोटभर जेवण झालं म्हणून तहान भागत नाही. त्यामुळे तुझी जाणीव बरोबर आहे: तिच्यापासून काही हिरावलं गेलं. आणि भावाचंही थोडं बरोबर आहे: तिचं आयुष्य म्हणजे फक्त ते हिरावलेलं नाही. तो तिला कीव येण्यापासून वाचवू बघतोय, असं मला वाटतं. त्याला तेवढं श्रेय दे.

अपमानाबद्दल विचारलंस. तिच्या आयुष्यात अमुक कमी राहिलं असं म्हणण्याने तिची किंमत कमी होत नाही. ज्यांनी ते कमी ठेवलं त्यांच्याबद्दल ते बोलणं आहे. खरं तर तिने स्वतःच हा निवाडा कधीच दिला आहे. तुझ्या एम.ए.च्या वेळी तिने हातातली पाटली मोडली, हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस, फी भरायला आलीस त्या दिवशी. बाई स्वतःबद्दल "मी सुखात आहे" म्हणते, आणि मुलीला मात्र त्याच सुखात राहू देत नाही. पाळण्याची ती कसोटी तिने सोनं मोडून लावली.

ऑपरेशनचं आता. एखादं आयुष्य चढत गेलं की उतरत गेलं यानेही फरक पडतो, एकूण बेरीज सारखी असली तरी; डेव्हिड व्हेलमन यांनी १९९१ साली हे चांगलं मांडलं आहे. मागचं तू बदलू शकत नाहीस, पुढची दहा-पंधरा वर्षं अजून हातात आहेत. म्हणून "तू सुखी आहेस का" हे तिला विचारायचं सोडून दे. त्या प्रश्नाला तिच्याकडे घडवलेलं उत्तर तयार आहे. छोटे, नेमके प्रश्न विचार. पूर्वी दर संकष्टीला ती टेकडी गणपतीला जायची, ते कधी बंद झालं? जाता आलं तर जाईल का? ऑपरेशनची भीती नेमकी कशाची: भूल द्यायची, खर्चाची, कोणाकडून सेवा करून घ्यायची लाज, की शेजारच्या कोणाचं बिघडलेलं ऑपरेशन? दोन-तीन महिने पोरं ओट्यावर येणार नाहीत म्हणून तर नको म्हणत नाही ना? हेही शक्य आहे, आणि तसं असेल तर त्यावर तोडगा निघतो. गुडघे बदललेल्या तिच्याच वयाच्या एखाद्या बाईशी तिची गाठ घालून दे. डॉक्टरांच्या अर्ध्या तासापेक्षा ते जास्त उपयोगाचं होतं. एल. डब्ल्यू. सम्नर यांनी १९९६ मध्ये म्हटलं की माणसाचं समाधान तेव्हाच ग्राह्य धरावं जेव्हा त्याला सगळं माहीत आहे आणि ते त्याचं स्वतःचं आहे. एवढं सगळं कळल्यावर, खर्चाचं ओझं तिच्या मनातून काढल्यावर, ती पुन्हा नको म्हणाली, तर तो तिचा उपास आहे. मग तिचं ऐक, आणि खोली खालच्या मजल्यावर हलवा.

तिचं आयुष्य हिरावलं गेलं असं तिला सांगायला जाऊ नकोस. शाळा सुटली त्या दिवसाबद्दल विचार. गुरुजी आले तेव्हा ती कुठे उभी होती, काय ऐकू आलं, कोण काय म्हणालं. फोनवर नको. ती पापड लाटत असेल तेव्हा समोर बसून, लाट्या करून देत विचार. हात गुंतलेले असले की आपल्या बायका मोकळं बोलतात. ती काही बोलली नाही तर तसंच राहू दे.

भावालाही कधीतरी त्या बोलण्यात घे. वडिलांच्या त्या आठ महिन्यांच्या डब्याबद्दल त्याला माहीत आहे का, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस.